रेघ नसलेली खूण

माळव्यात मराठीचा प्राध्यापक होतो असं सांगितलं की पुण्याकडचे लोक पहिला प्रश्न विचारतात, "तिकडे मराठी शिकतं कोण?" प्रश्न रास्त आहे. मी देवासच्या कॉलेजात लागलो तेव्हा मराठीच्या वर्गाला बाक अपुरे पडत. निवृत्त झालो तेव्हा एका बाकावर वर्ग मावत होता आणि शेजारी माझी छत्री ठेवायलाही जागा होती. दुसरा प्रश्न असतो, "संशोधन कशावर?" मी म्हणतो, "रहस्यकथांवर." मग ते जरा वेळ माझ्याकडे बघतात आणि चहाचं विचारतात.

या अंकाच्या संपादकांनी अध्यापनातले अनुभव लिहायला सांगितले, त्याला बरेच महिने झाले. पूर्वीही मी सावकाशच लिहीत असे. माझी पत्नी सुमन गेल्यापासून आणखी सावकाश लिहितो, कारण लिहिलेलं पहिल्यांदा ती वाचत असे आणि "हे वाक्य फार शिकलेलं आहे" असं म्हणून अर्धं काढून टाकत असे. आता ते कामही मलाच करावं लागतं.

बाहेरच्या वाचकांसाठी आमच्याकडची परिस्थिती थोडी सांगायला हवी. धार, देवास इथली मराठी घरं दरबारांबरोबर आली. कोणी कारभारी, कोणी कारकून, कोणी शिंपी, कोणी तांबट. दरबार गेले, घरं राहिली. घरात मराठी, गल्लीत माळवी, शाळेत हिंदी. लिपी एकच असल्यामुळे आमच्या मुलांना वाटतं की आपल्याला मराठी वाचता येतं. दुसऱ्या पानावर त्यांना धाप लागते. एक मुलगा मला म्हणाला होता, "सर, बोलतो तर मी फर्राटेदार, पण पुस्तक उघडलं की ते माझ्याकडे बघतं आणि मी त्याच्याकडे."

अशा वर्गात एकदा वैशाली नावाची मुलगी आली. बागलीच्या शिंप्याची मुलगी, सगळं शिक्षण हिंदीत झालेलं. मी तिला पाठ्यपुस्तकातला एक उतारा वाचायला सांगितला आणि ती न अडखळता वाचत सुटली. मी विचारलं, "घरी कोणी शिकवलं?"

"कोणी नाही सर. आमच्या आजीकडे खुनाची पुस्तकं होती. ती रोज वाचून दाखवायची आणि ऐन वेळेला झोपायची. मग खुनी कोण ते मला कोण सांगणार? शिकावंच लागलं."

वर्ग हसला. मी मात्र त्या दिवशी घरी जाताना देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी स्कूटर थांबवून बराच वेळ उभा राहिलो. आम्ही मराठी टिकवायला जयंत्या करत होतो, स्पर्धा घेत होतो, अध्यक्षांना हार घालत होतो. इकडे बागलीत एक मुलगी केवळ शेवट कळावा म्हणून आपली भाषा वाचायला शिकली होती. कमअस्सल समजली जाणारी ही पुस्तकं आमच्या भागात नेमकं काय करतात, हे शोधावं असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

पीएच.डी.साठी मी तोच विषय मांडला. आमच्या विभागप्रमुखांनी चष्मा काढून ठेवला. "तुम्ही चांगल्या घरातले. खुनाच्या गोष्टींवर पदवी घेणार? उद्या म्हणाल लग्नपत्रिकांवर करतो."

"तोही विषय वाईट नाही सर."

"बखरी घ्या," ते म्हणाले. मी बखरी घेतल्या. तो प्रबंध विद्यापीठात कुठेतरी आहे, आणि तो उघडायची गरज अद्याप कोणाला पडलेली नाही. रहस्यकथा मी नोकरीभर बाजूला, आवडीने आणि थोड्या चोरून अभ्यासत राहिलो.

या अभ्यासात करायचं काय असतं? आधी पुस्तकं मिळवायची. ती स्वस्त कागदावर, वाचून टाकून देण्यासाठीच छापलेली असतात, त्यामुळे मोठी ग्रंथालयं ती ठेवत नाहीत. मग त्यांची बांधणी पाहायची. खुनी पहिल्या काही प्रकरणांतच वाचकाला भेटलेला असला पाहिजे, आयत्या वेळी आणलेला चालत नाही. गुप्तहेराचा मित्र वाचकापेक्षा थोडा मंद हवा, म्हणजे वाचकाला बरं वाटतं. एकच गोष्ट दोन-तीन वेगवेगळ्या नावांनी निघालेली असते, तीही पकडायची. पण बांधणी कळली तरी वाचक कळत नाही. त्याच्या घरात तुम्हाला कोण बसू देणार?

मला बसायला मिळालं, कारण माझ्या घरातच एक वाचक होती.

सुमनचं माहेर धारचं. तिथे मराठी मंडळींचं एक जुनं वाचनालय आहे आणि त्यात रहस्यकथांची दोन कपाटं. तिच्या वडिलांचं सभासदत्व तिने लग्नानंतरही चालू ठेवलं. धारहून देवासला यायचं तर मध्ये इंदूरला बस बदलावी लागते. पुस्तकांची पिशवी वाहायचं काम माझं. सासुरवाडीला माझी ओळख "पिशवीत खुनी घेऊन फिरणारे जावई" अशी होती.

पुस्तक संपवलं की सुमन ते मिटून मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "मला आधीच कळलं होतं."

"कसं काय?"

"त्या भाच्याने सुरुवातीला विनाकारण पाणी मागितलं. विनाकारण पाणी मागणारा माणूस सरळ नसतो."

पुस्तक अर्धवट असताना मी विचारलं, "मग आत्ता सांग, कोण आहे?" तर म्हणायची, "सांगितलं तर तुमची मजा जाईल." नाव तिने कधी घेतलं नाही. मी तिच्यापुढे बांधणीचे नियम मांडायचो, पुरावे मोजायचो. ती भाजी निवडत ऐकून घ्यायची आणि शेवटी तेच म्हणायची, मला आधीच कळलं होतं. सगळ्या संसारात या एका बाबतीत मी तिच्याकडून सतत हरलो.

त्या पुस्तकांमध्ये मला खुणा दिसू लागल्या. रहस्यकथांची नावं एकमेकींसारखी, मुखपृष्ठंही तशीच, त्यामुळे हे पुस्तक आपण वाचलंय की नाही हे लक्षात राहत नाही. त्यावर धारच्या वाचकांनी, विशेषतः बायकांनी, एक रीत काढली होती. प्रत्येकीचं एक पान ठरलेलं. पुस्तक वाचून झालं की त्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने आपली खूण करायची. कोणाचं फूल, कोणाचा मासा, कोणाचे नुसते तीन ठिपके. नवं पुस्तक घेताना कपाटापाशीच आपलं पान उघडायचं. खूण असली की परत ठेवायचं. पुस्तक आवडलं तर खुणेभोवती गोल काढायचा. आणि शेवटाच्या आधी खुनी ओळखला असेल तर खुणेखाली रेघ मारायची.

मी थक्क झालो. ज्या पुस्तकांवर कोणी दोन ओळींचं परीक्षण लिहिलं नव्हतं, त्यांच्यावर कित्येक पिढ्यांचे अभिप्राय तळाशी नोंदलेले होते. कोणत्या घरात कोणतं पुस्तक आवडलं, कुठल्या लेखकाने सगळ्यांना फसवलं, एखादी खूण कधी थांबली, सगळं त्यात होतं. वाचक कसा वाचतो हे मी शोधत होतो आणि ते माझ्याच पिशवीतून बसने ये-जा करत होतं.

"यातली तुझी कुठली?" मी सुमनला विचारलं.

"शोधा की. एवढे रहस्यकथांचे प्राध्यापक."

"काही सुगावा तरी दे."

"रोज तर बघता," ती म्हणाली आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली.

मी शोधली, पण नेटाने नाही. तिच्या नावाची अक्षरं पाहिली, तिच्या रांगोळीतली चिन्हं पाहिली. एका पुस्तकात तीस-चाळीस खुणा असत आणि विचारलं की ती नुसती हसायची. मी ठरवलं होतं की दोन्ही कपाटं एकदा पूर्ण उतरवून काढायची, सगळ्या खुणा नकलून घ्यायच्या आणि त्यावर पुस्तक लिहायचं. तिची खूण त्यात आपोआप सापडली असती. पण आधी परीक्षा होत्या. मग तपासणीसाठी समिती आली. मग विभागप्रमुखपद आलं आणि रिकाम्या होत जाणाऱ्या विभागाचे तक्ते भरण्यात काही वर्षं गेली. निवृत्तीनंतर निवांत करू, असं आम्ही दोघंही म्हणत होतो. निवृत्त झालो आणि तिची तब्येत बिघडली.

इंदूरच्या दवाखान्यात तिला पुस्तक धरवत नसे. मी वाचून दाखवायचो. ऐकता ऐकता तिचा डोळा लागायचा. "कोण असेल?" मी मुद्दाम विचारायचो. डोळे मिटूनच ती म्हणायची, "मला माहितीये." शेवटचं पुस्तक आमचं अर्धं राहिलं. ते मी पुढे वाचलं नाही. कोणाच्या तरी हाती वाचनालयाला परत पाठवून दिलं.

ती गेल्यानंतरच्या थंडीत लोकरीचा कुर्ता काढायला मी तिच्या हातचं कपाट उघडलं. घड्या तिनेच घातलेल्या होत्या. कुर्ता डोक्यातून घालताना कॉलरच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याची खूण दिसली. दोन तिरप्या रेघा आणि त्यांच्यामध्ये एक ठिपका. आमच्याकडे धोबी येत असे तेव्हा कपडे दुसऱ्यांच्या कपड्यांत मिसळू नयेत म्हणून सुमन प्रत्येक कपड्यावर ही खूण घालायची. तिच्या माहेरची खूण, तीच तिने इकडे आणली. पुढे मशीन आलं, धोबी बंद झाला, पण ती नव्या सदऱ्यांवरही दोरा घालत राहिली. हात बसला होता. ती खूण मी रोज सकाळी अंगात चढवत होतो.

कुर्ता काढून हातात घेतला आणि पलंगावर बसलो. थंडी वाजत होती, तरी तो परत घालायचं लवकर सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी धारला फोन केला. वाचनालयाचा सचिव आता मंगेश नावाचा तरुण आहे, तिरल्याच्या शाळेत शिक्षक. मी सांगितलं, जुन्या रहस्यकथा पाहायला यायचं आहे, संशोधनाचं काम आहे. खुणांबद्दल बोललो नाही. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं.

"अरे वा सर, अवश्य या ना! आपण तर आमचे जावई, धारचे. फक्त थोडा टाइम द्या आम्हाला. आपण येणार म्हणजे तयारी पाहिजे."

तयारी कसली, हे मी विचारलं नाही. त्याच्या आवाजात आनंद होता आणि मला तो बरा वाटला.

ठरल्या दिवशी निघालो. धारच्या बसमध्ये मोहनखेड्याला जाणारे यात्रेकरू होते. त्यांच्यातल्या एका बाईने आपुलकीने विचारलं, "दर्शन को जा रहे हो, बाबूजी?" मी हो म्हणालो. ते फारसं खोटं नव्हतं.

वाचनालयाच्या दारात रांगोळी होती. फरशी धुतलेली, खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर शाल आणि नारळ. आणि दोन्ही कपाटांत सारख्या उंचीच्या, खाकी वेष्टनातल्या, नवे क्रमांक डकवलेल्या पुस्तकांच्या सरळ रांगा.

मंगेश पुढे आला. "बघा सर, पहचानूच येणार नाहीत. फार खराब हालत होती. ज्याने-त्याने गिचमिड करून ठेवलेली. आपल्यासारखा माणूस रिसर्चला येणार आणि आम्ही असली घाण दाखवायची? सगळ्यांना कामाला लावलं. काकू, ताई, सगळ्या रोज दुपारी बसायच्या. रबराने एक-एक पान साफ केलंय. बाकी जे निघालं नाही ते बाइंडरने कापून काढलं. एकदम चकाचक."

मी एक पुस्तक काढलं. तळाचा कोरा भाग कापून गेला होता. दुसऱ्यात भाग शाबूत होता, पण पान घासून पांढरं झालेलं. तिसरं काढलं. चौथं काढलं. मंगेश प्रत्येक पुस्तकाबरोबर माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, परीक्षेचा निकाल बघावा तसा. भिंतीवर नवा फलक होता: पुस्तकांवर कोणत्याही प्रकारच्या खुणा करू नयेत.

"आपल्यासाठीच लावलाय," तो म्हणाला.

मग शाल झाली, नारळ झाला, "दोन शब्द बोला" झालं. समोर बसलेल्या बायकांच्या बोटांकडे माझं लक्ष जात होतं. पाहुणा यायचा म्हणून घराला पोतेरं फिरवावं, तसं त्यांनी केलं होतं, आणि तेही स्वतःच्याच खुणांवरून. मी त्यांचे आभार मानले. आभार मनापासूनचे होते, हीच अडचण होती. रागावायला समोर कोणी वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. माझं संशोधन त्या खुर्चीवर, शाल अंगावर असताना संपलं. संशोधनाचं तेवढं काही नाही. मी एका खुणेसाठी आलो होतो.

चहा चालू असताना मागच्या रांगेतून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. "मंग्या, माझं फूल कुठे गेलं रे?"

शालूताई. सुमनच्या माहेरच्या शेजारीण, तिच्याहून थोड्या मोठ्या, धारमधल्या खुनांच्या सर्वांत जुन्या वाचक. मंगेश म्हणाला, "काकू, समजावलं ना तुम्हाला. कंप्यूटरमध्ये तुमची सगळी लिस्ट बनवून देतो."

"कंप्यूटर घाल चुलीत. महिनाभर एकच खून परत परत वाचतेय मी. अर्ध्यात गेल्यावर आठवतं की हा मेलेला आहे."

सगळे हसले. हसणं थांबल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, तुम्ही तरी सांगा याला. आणि हो रे मंग्या, माझ्याकडे अजून दोन पुस्तकं राहिलीत परत करायची. तेवढी—"

"द्या ना काकू. ती पण साफ करून—"

"नको," मी म्हणालो. आवाज बहुधा मोठा झाला असावा, कारण मंगेशने हातातली बशी खाली ठेवली.

शालूताईंचं घर मुंजसागर तलावाच्या बाजूला. त्यांनी मला ओट्यावरच बसवलं आणि आतून दोन पुस्तकं आणून दिली, जुन्याच फाटक्या मुखपृष्ठांची. "उशिरा परत करायची खोड आहे मला. आयुष्यभर बोलणी खाल्ली त्यावरून."

सुमनचं पान कोणतं हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या पानापासून एकेक उलटत गेलो. मासा आला, ठिपके आले, शालूताईंचं पाच पाकळ्यांचं फूल आलं, खाली ठसठशीत रेघ. आणि पुढे एका पानाच्या तळाशी, फिकट पेन्सिलीत, दोन तिरप्या रेघा आणि मध्ये ठिपका. भोवती गोल. खाली काही नाही.

मी पान उजेडाकडे धरलं. खाली काही नव्हतं. दुसरं पुस्तक घेतलं, तेच पान उघडलं. तीच खूण. तिथेही रेघ नव्हती.

"काय शोधताय?"

"सुमनच्या खुणेखाली रेघ नाहीये."

शालूताई पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. "कशी असेल! सुमीला कधी खुनी कळलाय का? लहानपणापासून एकदा नाही. आम्ही सगळ्या खोट्या रेघा मारायचो हो. इभ्रतीचा प्रश्न. कळो न कळो, मारा रेघ. ही एकटी मारायची नाही. म्हणायची, पुस्तकाशी खोटं कशाला बोलायचं?"

"मला तर नेहमी म्हणायची, आधीच कळलं होतं."

"तुम्हाला म्हणत असेल," शालूताई म्हणाल्या. "घरात प्राध्यापक असल्यावर त्याच्यासमोर कोण हरेल?"

मी त्या पानाकडे बघत बसलो. एवढा मोठा शोध मला नोकरीत कधी लागला नव्हता, आणि तो ज्याला सांगावा असं माणूस एकच होतं. बसमधून उतरून, पिशवी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवून मला म्हणायचं होतं, सापडली गं, आणि रेघ कुठाय? ती कशी लाजली असती, भाजीवरून डोळे न उचलता काय बोलली असती, पाणी मागणाऱ्या भाच्याचा कोणता नवा पुरावा पुढे केला असता, हे मला वाक्यागणिक ठाऊक होतं. पण ते मलाच ठाऊक असून काय उपयोग?

मंगेशला मी नंतर सगळं समजावून सांगितलं. बिचारा म्हणाला, "सर, एकदा विचारलं असतं आम्ही." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. फलक त्याने काढला नाही, कमिटीचा ठराव होता. पण त्याच्या कोपऱ्यात आता पेन्सिलीने काढलेलं पाच पाकळ्यांचं फूल आहे, आणि ते कोणी काढलं याचा तपास वाचनालय करत नाही.

दोनपैकी एक पुस्तक शालूताईंनी मला देवासला आणू दिलं. अभ्यासासाठी मी शेकड्यांनी रहस्यकथा चाळल्या, पण बांधणी बघायची म्हणून शेवट आधी वाचायची मला सवय. या खेपेला पहिल्या पानापासून वाचलं, क्रमाने. तिसऱ्या प्रकरणात एक दिवाणजी विनाकारण पाणी मागतात. मी त्यांच्यावर नजर ठेवली. नियम विसरलो, पुरावे मोजले नाहीत, फक्त दिवाणजींना धरून बसलो.

खुनी दिवाणजी नव्हते.

पेन्सिलीला टोक केलं आणि तिच्या खुणेच्या शेजारी माझा एक ठिपका दिला. पुस्तक आवडलं होतं, म्हणून ठिपक्याभोवती गोल काढला. रेघ मारली नाही.

मंगेशचा परवा फोन आला होता. पुस्तकाची घाई नाही म्हणाला. मीही म्हणालो, हो, जरा उशीर होईल.